वेळ राखून ठेवताना

शेवगावात मी दस्त लिहितो. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागानं दस्ताची माहिती आधी संगणकावर भरायची आणि ‘ई-स्टेप-इन’वर दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ राखून ठेवायची सोय दिली, तसं लिहिण्याबरोबर लोकांना वेळ काढून देणं हेही माझंच काम झालं. ते करता करता जे उमगत गेलं, ते सांगतो.

1. साक्षीला माणूस का मिळत नाही, याचं उत्तर मला वेळेनं दिलं. बोधेगाव-चापडगावकडून एका खरेदीखतासाठी निघतात ती सात-आठ माणसं. घेणारा, देणारे भाऊ, त्यांची आई, शिवाय दोन ओळखदार. ओळखदाराला ना जमीन मिळते ना पैसा, आणि पूर्वी त्याचा अख्खा दिवस जायचा. सकाळी यायचं, दाराशी बसायचं, ‘आज होईल का?’ असं दर तासाला विचारायचं. लोक साक्षीला घाबरतात म्हणून टाळतात, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. साडेअकराची वेळ हातात असली, की तोच शेजारी डेअरीत दूध घालून, जनावरांना वैरण टाकून हसत येतो. त्याला भीती नव्हतीच, त्याची मजुरी बुडत होती. गरिबाच्या दिवसाला किंमत आहे, हे सरकारी कामात कुणीतरी धरलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

2. पडद्यावर मोकळी दिसणारी वेळ माणसाला मोकळी असेलच असं नाही. शेतीपंपाची लाईट अजूनही कितीतरी ठिकाणी पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री असते. रात्रभर उसाला पाणी धरलेल्या माणसाला सकाळी दहाची वेळ देणं म्हणजे त्याला झोपेशिवाय ओढून आणणं. म्हणून वेळ निवडण्याआधी मी विचारतो, ‘या आठवड्यात लाईट कधीची?’ ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं गणित आणखी वेगळं. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांवर जातात, त्या पाडव्याच्या आसपास परततात. सातबाऱ्यावरचा एक हिस्सेदार तोडणीला, कारखान्याच्या कोपीवर असला, तर इथली वेळ कितीही चांगली असो, कबुली द्यायला तो येणार कसा? 1908च्या नोंदणी कायद्यात सही झाल्यापासून दस्त हजर करायला चार महिने दिले आहेत. ती मुदत मला पाठ होती. तोडणीचा हंगाम जवळपास तेवढाच किंवा त्याहून लांब असतो, हे लक्षात आल्यावर मी टोळी जायच्या आत सह्या आणि कबुली दोन्ही उरकायला सांगू लागलो.

3. मोबाईल बापाच्या खिशात असतो आणि ओटीपी लेकाला जातो. नंबर दिलेला असतो पोराचा, पोरगं चाकणला नाहीतर वाळूजला कंपनीत, आणि शिफ्ट सुरू झाली की फोन लॉकरमध्ये. त्याची जेवणाची सुट्टी होईपर्यंत इथे सगळे थांबतात.

4. आधी बोट पोचतं त्याला आधी मिळतं, हा नियम दिसतो तितका सरळ नाही. हे मला 2021च्या मे महिन्यानं शिकवलं. त्या 1 मेपासून 18 ते 44 वयाच्या लोकांना ‘कोविन’ संकेतस्थळावर वेळ घेतल्याशिवाय कोरोनाची लस मिळत नव्हती. शहरातले तरुण खेड्यातल्या केंद्रांची वेळ घेऊन गाड्या करून येऊ लागले, आणि केंद्राशेजारी राहणारे बघत राहिले, हे राज्यात कितीतरी ठिकाणी घडलं. 24 मेला केंद्र सरकारनं सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. कुणी मुद्दाम कुणाचं हिरावलं नव्हतं. फोन, रेंज आणि सराव ज्याच्याकडे होता, तो पुढे गेला. दस्ताच्या कामातही काही तास वेळ न घेता येणाऱ्यांसाठी राखलेले असावेत, असं मला मनापासून वाटतं. अक्षय तृतीयेच्या आसपास तर नक्कीच.

5. वेळ राखल्यामुळे सगळ्यात जास्त बदललं ते बहिणींच्या हक्कसोडपत्राचं. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा दिला. देशभर तो 9 सप्टेंबर 2005 पासून आला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितलं. कायदा इतका पुढे आला, तरी दिवाळीला माहेरी आलेली बहीण भाऊबीज उरकली की भावाच्या गाडीत बसून तालुक्याला येते आणि हक्क सोडून पैठण, गेवराई, नेवाशाकडे आपल्या घरी परतते. पूर्वी मजकूर त्याच दिवशी, गर्दीत तयार व्हायचा. फोटो, अंगठा, ‘मान्य आहे का?’ आणि प्रश्न संपायच्या आत हललेली मान.

आता वेळ घेण्याआधी माहिती भरावी लागते, म्हणून मजकूर एक-दोन दिवस आधी तयार असतो. तो मी बहिणीला बसवून वाचून दाखवतो, शक्यतो भाऊ चहाला गेला असताना. नाथसागराच्या फुगवट्याकाठच्या एका गावची लेक असंच ऐकत होती. गट नंबर झाले, क्षेत्र झालं. मग ती म्हणाली, ‘भाऊ, विहिरीतला हिस्सापण गेला का यात?’ गेला होता. ती रडली नाही, भांडली नाही. ‘जमीन त्याला राहू द्या, विहीर खणताना आईनं डोक्यावर माती वाहिली, ती नको सोडायला,’ एवढंच म्हणाली. घेतलेली वेळ रद्द केली, पुढची घेतली. भावानंही मानलं. नव्या मजकुरात विहिरीतला तिचा हिस्सा तसाच राहिला.

मी किती हक्कसोडपत्रं लिहिली असतील! त्यातल्या किती जणींच्या मनात असा एखादा प्रश्न होता आणि तो विचारायला जागाच नव्हती, या विचारानं अजून अस्वस्थ होतो. सगळ्याच बहिणींनी हक्क राखावा, असं मी म्हणत नाही. माहेर तुटेल या धास्तीपुढे माझा सल्ला फार तोकडा आहे. मजकूर मात्र तिला आदल्या दिवशी ऐकायला मिळायलाच हवा.

6. काहींना वेळ नको असते, कुणीतरी घरी यावं लागतं. लकवा झालेल्या म्हाताऱ्याला जीपमध्ये आडवं घालून आणलेलं मी पाहिलं आहे, हातात छापलेली वेळ होती तरीही. नोंदणी कायद्याच्या कलम 31 आणि 38 प्रमाणे आजारी, अशक्त माणसासाठी नोंदणी अधिकारी घरी जाऊन दस्त नोंदवू शकतात. त्याला गृहभेट म्हणतात. अर्ज करायचा, डॉक्टरांचा दाखला जोडायचा, ठरलेली फी भरायची. ही तरतूद शंभर वर्षांहून जुनी आहे आणि वेळ घ्यायला येणाऱ्या बहुतेकांच्या ती कानावरही नसते. आता वेळ काढण्याआधी मी लाईटबरोबर हेही विचारतो, की सही करणाऱ्यांत कुणी न चालता येणारं आहे का. गृहभेटीची माहिती माझ्या टेबलासमोर मोठ्या अक्षरांत लावली आहे. वेळ राखण्याची सूचना जिथे जिथे लागते, तिथे शेजारी गृहभेटीचीही पाटी लागावी, असा अर्ज मी लिहायला घेतला आहे.