एमपॉक्स : खपली गळेपर्यंतची काळजी

घरात कोणाच्या अंगावर पुरळ उठले, की कांजिण्या असाव्यात असे मानून, कडुनिंबाचा पाला अंथरून घरीच वाट पाहण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे. बहुतेक वेळा तो अंदाज खराही ठरतो. परंतु पुरळ एमपॉक्सचे असेल, तर वाट पाहण्याच्या त्या दिवसांत आजार शुश्रूषा करणाऱ्या आईला, पत्नीला किंवा शेजारी निजणाऱ्या मुलाला होऊ शकतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील माहिती समजून घ्यावी.

आजाराची ओळख

एमपॉक्सचा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातील आहे. १९५८ मध्ये तो डेन्मार्कमधील प्रयोगशाळेतील माकडांमध्ये प्रथम आढळला. म्हणून या आजारास पूर्वी मंकीपॉक्स म्हणत. माणसामधील पहिल्या रुग्णाची नोंद १९७० मध्ये आफ्रिकेतील काँगो देशात झाली.

आपल्या घरातील वृद्धांच्या दंडावर देवी टोचल्याचा वण दिसतो. ती लस एमपॉक्सपासूनही बऱ्याच अंशी संरक्षण देत असे. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि सर्वत्र ही लस देणे थांबले. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांना ते संरक्षण लाभलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२२ आणि ऑगस्ट २०२४ अशी दोन वेळा या आजारासाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. भारतातील पहिला रुग्ण जुलै २०२२ मध्ये केरळमध्ये आढळला. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे एका तरुणाचा मृत्यूही झाला. दुसरी आणीबाणी सप्टेंबर २०२५ मध्ये मागे घेण्यात आली, तरी विषाणू नाहीसा झालेला नाही.

लक्षणे

संसर्ग झाल्यापासून सर्वसाधारणपणे ३ ते २१ दिवसांत लक्षणे दिसतात :

• ताप, डोकेदुखी, अंगदुखी व थकवा
• मान, काख किंवा जांघेतील गाठींना सूज. कांजिण्यांमध्ये अशी सूज सहसा आढळत नाही.
• चेहरा, तळहात, तळपाय, तोंडाच्या आत किंवा गुप्तांगावर पुरळ. त्याचे पाणीदार, मग पू भरलेले फोड होतात व शेवटी खपली धरते.

काही रुग्णांना ताप येत नाही, केवळ मोजकेच फोड येतात. नुसत्या डोळ्यांनी निदान करणे कठीण असते. फोडातील द्रव किंवा खपलीच्या प्रयोगशाळा तपासणीतूनच आजार निश्चित होतो. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या तपासणीत प्रमुख भूमिका बजावते.

प्रसार कसा होतो?

रुग्णाच्या फोडांचा त्वचेला स्पर्श, लैंगिक संबंध, समोरासमोर दीर्घकाळ निकट सहवास, तसेच रुग्णाचे अंथरूण, टॉवेल व कपडे यांतून विषाणू पसरतो. गर्भवतीकडून बाळालाही संसर्ग होऊ शकतो. शेवटची खपली गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत रुग्णापासून संसर्ग संभवतो. यास सामान्यतः २ ते ४ आठवडे लागतात.

घरी घ्यावयाची काळजी

डॉक्टरांनी घरी राहण्यास सांगितले असल्यास :

• रुग्णास हवेशीर, स्वतंत्र खोली द्यावी. खोली नसल्यास अंथरूण दूर ठेवून मध्ये पडदा लावावा.
• शक्यतो एकाच निरोगी व्यक्तीने शुश्रूषा करावी. गर्भवती, लहान मुले व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम करू नये.
• रुग्णाने तीन पदरी मास्क वापरावा व फोड स्वच्छ कपड्याने झाकावेत. फोड खाजवू अथवा फोडू नयेत.
• कपडे व चादरी झटकू नयेत. हातमोजे घालून त्या वेगळ्या गोळा कराव्यात आणि गरम पाणी व साबणाने धुवाव्यात. नंतर हात साबणाने स्वच्छ करावेत.
• बरे झाल्यावरही १२ आठवडे लैंगिक संबंधात निरोध वापरावा.

डोळा दुखणे, अंधुक दिसणे, धाप लागणे, छातीत दुखणे, झटके येणे, शुद्ध हरपणे, लघवी कमी होणे किंवा अन्नपाणी न जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

संपर्कात आलेल्यांनी २१ दिवस रोज ताप मोजावा, त्वचेकडे लक्ष ठेवावे व या काळात रक्तदान करू नये. या आजारावर लस आहे. मात्र ती सरसकट सर्वांसाठी नसून अधिक धोका असलेल्यांसाठी आहे.

लपवू नका, एकटे पाडू नका

पुरळ गुप्तांगावर असल्यास संकोचाने, भाड्याची खोली किंवा काम जाईल या भीतीने माणूस गप्प राहतो आणि तेवढ्यात साखळी वाढत जाते. हा आजार कोणालाही होऊ शकतो. रुग्णाचे अंथरूण वेगळे ठेवावे. त्याच्याशी बोलणे, त्याला वेळेवर जेवण देणे व धीर देणे मात्र थांबवू नये. बहुसंख्य रुग्ण योग्य काळजीने पूर्ण बरे होतात.

अंगावर अनोळखी पुरळ दिसताच, विशेषतः अलीकडे प्रवास किंवा रुग्णाशी संपर्क झाला असल्यास, जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे आणि त्या प्रवासाची व संपर्काची माहिती निःसंकोच सांगावी. आपण वेळेवर सांगितलेली माहिती आपल्याच घरातील माणसांचे रक्षण करते.