जुन्या मोटारीत इंजिन बसवणे

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला क्लच ठाऊक असतो. डाव्या पायाने तो दाबायचा, गिअर बदलायचा, मग पाय हळूच सोडायचा. काही मोटारींत मात्र डाव्या पायाला कामच नसते. गिअर आपोआप बदलतो. अशा मोटारी आता आपल्या तालुक्याच्या गावीही दिसतात. पण ही युक्ती आजची नव्हे. अमेरिकेतील शेवरोले कंपनीने १९५० साली पॉवरग्लाइड नावाचा असा गिअरबॉक्स काढला. पुढे जाण्याचे त्यात दोनच गिअर. १९७३ सालापर्यंत तो त्यांच्या मोटारींत बसत होता.

असा गिअरबॉक्स असलेली १९६५ सालची इम्पाला मोटार आम्ही मुंबईत एका गॅरेजात पाहिली. गाडी चांगली अठरा फुटांच्या जवळपास लांब. मालक पेन्शनीत निघालेले गृहस्थ. त्यांचे वडील एके काळी ह्याच गाडीवर ड्रायव्हर होते. आधी एका दुसऱ्या गॅरेजात तिचे इंजिन काढून, दुरुस्त करून परत बसवले होते. इंजिन सुरू झाले, खरखर आवाज आला, आणि गाडी काही जागची हलेना. गिअरबॉक्स उघडला तर आतला तेलाचा पंप तुटलेला. नवा पंप परदेशातून येईपर्यंत चार महिने गेले. ह्या खेपेला जमले नाही तर गाडी भंगारात देऊ, असे त्यांनी घरी कबूल केले होते.

पंप तुटला कसा? ते समजायला आधी आतली रचना पाहू.

आपण ताक घुसळतो. रवी फिरली की ताकही फिरते. त्यात कढीलिंबाचे पान पडले तर पानही गरगर फिरते. रवीने पानाला हातसुद्धा लावलेला नसतो. गिअरबॉक्सच्या तोंडाशी एक गोल बंद डबा असतो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. त्यात तेल भरलेले असते. डब्याच्या आतल्या पात्यांना इंजिन फिरवते. त्यामुळे तेल फिरते, आणि तेल समोरच्या दुसऱ्या पंख्याला फिरवते. त्या पंख्याचा दांडा गिअरबॉक्सात जातो. दोघांच्या मध्ये तिसरा लहान पंखा असतो. तो परतणाऱ्या तेलाला वळण देतो, म्हणून गाडी उठताना जोर वाढतो. क्लचची जागा अशी तेलाने घेतली.

आता खरी मेख. हा डबा गिअरबॉक्सात तीन ठिकाणी अडकावा लागतो. दोन ठिकाणी दाते दात्यांत जातात. तिसऱ्या ठिकाणी डब्याच्या मागच्या गळ्याच्या खाचा पंपात बसतात. पंप फिरवतो तो हा गळाच. डबा नुसता ढकलून आत जात नाही. आधी त्यात थोडे तेल ओतायचे. मग डबा दोन्ही हातांनी धरून, किंचित दाबत, गोल फिरवायचा. ‘खट्’ झाले की थोडा आत सरकतो. पुन्हा फिरवायचे. पुन्हा खट्. पुष्कळ जण पहिल्या दुसऱ्या खटक्यालाच समाधान मानतात, आणि तिथेच घात होतो.

गॅरेजात हाताखालचा पोरगा गिअरबॉक्स इंजिनाला भिडवत होता. दोहोंच्या मध्ये बोटभर फट राहिली.

तो म्हणाला, “मिस्त्री, बोल्ट आवळले की येईल जवळ.”

मिस्त्री ओरडलेच. “पाना खाली ठेव! मागचा पंप असाच मोडला असेल. ही दोन तोंडं नुसत्या हातानं मिळाली पाहिजेत. बोल्ट आहे तो धरून ठेवायला. ओढायला नव्हे.”

गिअरबॉक्स मागे घेतला. मिस्त्रींनी डबा फिरवला. दोन मिनिटे काहीच नाही. मग खट् वाजले आणि डबा आत गेला. मालक बाकावर बसले होते, ते उठून उभे राहिले. ह्या वेळी तोंडे हातानेच मिळाली. मग बोल्ट आवळले. डबा अजून मोकळा फिरत होता. इंजिनाची पोलादी चकती आणि डबा ह्यांत तीन-चार मिलिमीटर जागा होती. तेवढी हवीच. शेवटी डबा पुढे ओढून चकतीला तीन बोल्टांनी जोडला.

आता सारे उचलायचे. नुसते इंजिनच अडीच क्विंटलच्या आसपास भरते, वर गिअरबॉक्स. बॉनेट आणि रेडिएटर आधीच काढून ठेवले होते. साखळीच्या कप्पीने धूड वर घेतले, शेपटीकडची बाजू खाली झुकवली आणि इंचाइंचाने गाडीत सोडले. लटकत्या इंजिनाखाली कोणी जायचे नाही, हात किंवा पायही न्यायचा नाही. साखळी जुनी असेल तर मुळीच नाही. इंजिन रबरी बैठकींवर टेकले, मागे गिअरबॉक्सखाली आडवी पट्टी लागली, तेव्हाच साखळी सैल केली.

जोडाजोडीचे काम सोपे पण किचकट. मागचा लांब दांडा, गिअरची कांडी, ॲक्सिलरेटरकडून येणारी कांडी, तेल थंड करायला रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या, पेट्रोलची नळी, वायरी. अर्थिंगची पट्टी लोक विसरतात. ती नसली तर स्टार्टरचा करंट भलत्याच तारेतून वाट काढतो आणि ती तार तापून जळते.

सुरू करण्यापूर्वी वाळूची बादली जवळ ठेवली. चाकांना ठोकळे लावले. गिअरबॉक्सात तेल ओतले, पण सगळे नाही, कारण डबा स्वतः बरेच तेल पितो. इंजिन चालू झाल्यावर लगेच आणखी ओतले. मग ब्रेक दाबून गिअरची कांडी प्रत्येक जागी थोडी थांबवत फिरवली. तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवूनच, पट्टीवर माप पाहिले. तेल जास्त झाले तर फेस होतो, आणि फेसाने गिअर नीट पकडत नाही.

ठोकळे काढले. मालक स्वतः बसले. कांडी मागे जाण्याच्या जागी आणली, ब्रेक सोडला. गाडी आवाज न करता हातभर मागे सरकली. मग पुढे.

मालकांना लगेच घरी न्यायची होती. मिस्त्री म्हणाले, “आज नको, काका. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवतो. सकाळी त्यावर तेलाचा थेंब नसला तर न्या.”

सकाळी पुठ्ठ्यावर एक लाल थेंब होता. नळीचा एक नट अर्धा फेरा आवळावा लागला. गाडी दुपारी गेली.