खेळांतील चित्रांचा संक्षेप

आमच्या वर्गांतील पुष्कळ मुलें सुटींत व्हिडिओ गेम खेळतात, आणि खेळांत एखादा किल्ला उभारला किंवा एखादी फेरी जिंकली म्हणजे पडद्याचें चित्र, अर्थात् स्क्रीनशॉट, टिपून ठेवितात. थोड्याच दिवसांत वडिलांच्या फोनमधील जागा संपते. मग जागा करावयाची म्हणून कांहीं चित्रें पुसलीं जातात, कधीं खेळाचीं, तर कधीं घरच्या माणसांचीं. असें पुसण्यापूर्वीं चित्राचा बोजा कमी करितां येतो. तो कसा, हें समजून घेण्याजोगें आहे.

आधीं हिशेब पाहूं. आजच्या सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदु असतात, एकूण २०,७३,६००. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशास एकेक बाइट धरिला तर एका चित्रास ६२,२०,८०० बाइट, म्हणजे सुमारें सव्वासहा मेगाबाइट लागतील. अशीं १६० चित्रें झालीं कीं जवळजवळ एक गिगाबाइट भरला.

हा बोजा दोन रीतींनीं उतरतो. पहिलींत कांहींच गमवावें लागत नाहीं. निन्टेन्डोचा १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ घ्या. त्याचें चित्र २५६ बिंदु रुंद व २४० बिंदु उंच. वर निळें आकाश एकसारखें पसरलेलें. तेथील ओळींत तोच रंग २५६ वेळां लिहावयाचा कशाला? ‘मागें लिहिलें तेंच येथें पुन्हा’ एवढी खूण पुरते. विटांचेंही तसेंच, एकीचा नमुना लिहिला कीं बाकीच्यांस नुसता निर्देश. ही युक्ति लेंपेल व झिव्ह यांनीं १९७७ सालीं मांडली. वारंवार येणाऱ्या चिन्हास आंखूड व क्वचित् येणाऱ्यास लांब संकेत देण्याची हफमन यांची रीति १९५२ सालची. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेला पीएनजी हा प्रकार या दोहोंवर उभा आहे. तो उलगडला म्हणजे प्रत्येक बिंदु मूळचा तसाच मिळतो.

दुसरी रीति जेपेग, १९९२ सालची. तिचा पाया बंगळुरांत जन्मलेले नासिर अहमद यांनीं नटराजन व राव या सहकाऱ्यांसह १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणितांत आहे. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे पाडितात. प्रत्येक तुकड्याचे ६४ अंक असे पालटतात कीं पहिल्यांत तुकड्याची सरासरी येते व पुढच्यांत उत्तरोत्तर बारीक फेरफार. मग प्रत्येक अंकास ठरलेल्या भाजकानें भागून जवळची पूर्ण संख्या धरितात. ३७ ला १६ नें भागिलें, २ धरिले. उलट गुणितां ३२ येतात, ५ गेले ते गेले. ३७ च्या जागीं ६ असते तर शून्यच उरलें असतें. बारीक फेरफारांचे भाजक बहुधा मोठे, म्हणून शून्यें पुष्कळ आणि जागा थोडी. डोंगर, धुकें, पाणी असलेल्या आधुनिक खेळांत हा तोटा सहसा दिसत नाहीं; आपला डोळाच अशा सूक्ष्म भेदांविषयीं मंद आहे.

परंतु पडद्यावरील गुणसंख्या, नकाशावरील नांवें, मारिओच्या टोपीची कड, येथें रंग एकदम बदलतो, आणि ती तीक्ष्णता नेमकी त्या सोडून दिलेल्या अंकांत असते. म्हणून अक्षरांभोंवतीं धुरकट ठिपके उमटतात. तांबड्या अक्षरांची गत अधिकच वाईट, कारण जेपेग रंगाची माहिती बहुधा निम्म्याच बारकाईनें ठेवितो. जुन्या खेळांचीं चित्रें जेपेगांत घालणें मला तरी निव्वळ नुकसान वाटतें. कधीं कधीं तीं पीएनजीहून मोठींच होतात!

जेपेग चित्र उघडून, त्यांत फेरफार करून पुन्हा जेपेगांतच ठेविलें, तर प्रत्येक खेपेस कांहीं तरी नव्यानें गळतें. फाइलच्या नांवापुढें पीएनजी असें लिहिल्यानें गेलेलें परत येत नाहीं. ‘माइनक्राफ्ट’ संगणकावर आपलीं चित्रें पीएनजींतच ठेवितो. त्यांत ज्यानें महिनोगणती खपून एक गांव रचिलें, त्यानें त्या गांवाचीं चार निवडक मूळ चित्रें तशींच राखावीं, आणि मित्रांस पाठविण्यापुरती त्यांवरून जेपेग प्रत काढावी. प्रत आणखी हलकी हवी असल्यास रुंदी व उंची निम्मी करावी. बिंदु ५,१८,४०० उरतात, म्हणजे चतुर्थांश. मात्र चित्रांत वाचावयाची अक्षरें असतील तर आकार कमी करण्याऐवजीं भोंवतालचा नको तो भाग कापून टाकणें बरें.