१०८ ला फोन लावल्यावर काय विचारतात?

आज कांदा नाही, वाटाणा नाही, बाजारभावही नाही. रात्रीच्या लाइटीमुळे आपण अंधारात पाणी भरायला जातो, फवारण्याही चालू आहेत. म्हणून हा विषय.

गेल्या साली आपल्या एका सभासदाला रात्री दारं धरताना साप चावला. मुलानं १०८ लावला, "वडगावला लवकर या" एवढंच बोलून ठेवला आणि लगेच पाहुण्यारावळ्यांना फोन सुरू केले. आता वडगाव म्हणजे कुठलं? वडगाव सावताळ, वडगाव गुंड, वडगाव दर्या, वडगाव आमली, सगळी आपल्याच तालुक्यात. तिकडून परत फोन येत होता तर नंबर बिझी. शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमधून नेलं. माणूस वाचला, पण पाऊण तास फुकट गेला.

चूक पोराची म्हणता येत नाही. कुणी सांगितलेलंच नव्हतं.

१०८ चा फोन पारनेरला किंवा नगरला लागत नाही, पुण्याच्या नियंत्रण केंद्रात लागतो. २०१४ पासून साऱ्या राज्याचे फोन तिथंच घेतात. उचलणाऱ्याला तुमचा मळा, तुमचा ओढा माहीत असायचं कारण नाही. म्हणून जिल्हा, तालुका, गावाचं पूर्ण नाव, मग वस्ती, या क्रमानं सांगा. जवळा जामखेडातही आहे, टाकळ्या तर विचारूच नका. "टाकळी ढोकेश्वर, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं नगर" असं सांगायला पाच सेकंद लागतात. पुढं खूण सांगा: मंदिर, शाळा, दूध डेअरी, डांबरी कुठं सुटते ते.

मग विचारतील: काय झालं, वय किती, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. "आधी गाडी पाठवा, मग विचारा" म्हणून चिडू नका. काही गाड्यांत व्हेंटिलेटर असतो, काहींत नसतो. कोणती गाडी पाठवायची ते या उत्तरांवरून ठरतं. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. समोरचा सांगत नाही तोवर फोन ठेवायचा नाही.

नंतर तो मोबाईल मोकळा ठेवा. गाडीतून रस्ता विचारायला त्याच नंबरवर फोन येतो. पाहुण्यांना कळवायचं तर दुसऱ्याच्या फोनवरून. एकानं बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहायचं. गाडीत डॉक्टर असतो आणि सेवा मोफत आहे, पैशाच्या भीतीनं थांबू नका.

तोवर साप चावलेल्याला चालवू नका, धीर द्या, अंगठी-कडं काढा. आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडं नेणं नको. साप मारून सोबत आणायचीही गरज नाही. औषध अंगावर उडालं तर कपडे काढून साबणपाण्यानं धुवा. पोटात गेलं असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. दोन्ही वेळी औषधाची बाटली लेबलासकट डॉक्टरला दाखवा.

मारामारी, चोरी, आग असेल तर ११२. आणखी एक, जे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: आपल्या सिमला रेंज नसली पण तिथं दुसऱ्या कंपनीची असली, तर ११२ लागू शकतो. तिथूनही ॲम्ब्युलन्स मागता येते. पठारावरच्या आणि दऱ्याखोऱ्यातल्या वस्त्यांनी हे ध्यानात ठेवा.

आज संध्याकाळी एक काम करा. वहीच्या पानावर आपल्या वस्तीचा पत्ता वर सांगितलेल्या क्रमानं मोठ्या अक्षरात लिहा आणि घरात दाराजवळ चिकटवा. दुसरं पान मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत. घरातल्या शाळकरी पोराकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या. सरावासाठी १०८ लावू नका, लाईन अडते.

हा संदेश ज्यांच्याकडं साधा फोन आहे, त्यांना वाचून दाखवा.