उंच डोंगरावरचा रक्तदाब : दोष उंचीचा की मिठाचा?



उंचावर गेलं की हवा विरळ होते, हे आपण मुलांना शिकवतो. रक्ताभिसरण वेगळ्या पाठात शिकवतो. हे दोन्ही पाठ जोडले की एक चांगला प्रश्न तयार होतो : जी माणसं जन्मभर उंच डोंगरावरच राहतात, त्यांच्या रक्तदाबाचं काय होतं?

यासाठी आपण लडाखचं उदाहरण घेऊया. लेह शहर सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई ठेवले तरी लेह त्याच्या वरच!

आधी एक गैरसमज दूर करूया

"तिथे हवेचा दाब कमी, म्हणून रक्तदाबही कमी असेल," असं उत्तर वर्गात हमखास येतं. मोठी माणसंसुद्धा असं म्हणतात. पण दोन्हीकडे 'दाब' हा शब्द असला तरी गोष्टी वेगळ्या आहेत. हवेचा दाब आपल्यावर बाहेरून असतो. रक्तदाब म्हणजे हृदयाने ढकललेलं रक्त रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर आतून जो जोर देतं तो. बाहेरचा कमी झाला म्हणून आतला आपोआप कमी होत नाही.

मग शरीरात घडतं काय?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण लेहमध्येही आपल्यासारखंच, सुमारे 21 टक्के असतं. पण हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. ही कमतरता मानेतल्या रक्तवाहिन्यांजवळचे छोटे संवेदक लगेच ओळखतात. श्वास वाढतो, हृदय जोरात धडधडतं, अनेक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. नव्याने वर गेलेल्या माणसात हे स्पष्ट दिसतं.

पण तिथेच जन्मलेल्यांचं काय? त्यांची शरीरं पिढ्यानपिढ्या या हवेला सरावलेली आहेत. तरीही 2007 ते 2011 या काळात लडाखमध्ये 2600 ते 4900 मीटर उंचीवरच्या सुमारे 2800 प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा दर तिघांत एकापेक्षा थोड्या जास्त लोकांना उच्च रक्तदाब आढळला. वाढतं वय, जादा वजन, जास्त उंचीवरचं राहणं आणि बदललेली, बैठी जीवनशैली यांच्याशी त्याचा संबंध दिसला.

पण दोष फक्त उंचीचा असता तर?

तर जगातल्या सगळ्याच उंच प्रदेशांत हेच दिसलं असतं. तसं दिसत नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या अँडीज पर्वतातही लोक अशाच उंचीवर राहतात. तिथल्या 1970 च्या दशकातल्या पाहण्यांत डोंगरावरच्या लोकांत उच्च रक्तदाब समुद्रकाठच्या लोकांपेक्षा कमी आढळला होता. उंची तशीच, चित्र मात्र उलटं! म्हणजे उंचीबरोबर राहणीमानही पाहायला हवं. आनुवंशिकतेचाही वाटा असू शकतो.

लडाखच्या स्वयंपाकघरात डोकावलं की एक धागा सापडतो. तो म्हणजे गुरगुर चहा. चहाचा उकळलेला अर्क, लोणी आणि मीठ लाकडी नळकांड्यात घुसळून हा चहा करतात. घुसळताना गुरगुर आवाज येतो, म्हणून हे नाव. असे कितीतरी पेले दिवसभरात होतात. तिबेटमध्येही हाच लोण्या-मिठाचा चहा आहे, आणि उच्च रक्तदाबाचं प्रमाण तिथेही बरंच आढळलं आहे.

यात लोकांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. कडाक्याच्या थंडीत, कोरड्या हवेत गरम, स्निग्ध, खारट पेय अंगाला आधार देतं. पूर्वी दिवसभर शेतात आणि जनावरांमागे चालणंही व्हायचं. आता अनेकांचं काम बसून झालं, पण चहातलं मीठ तसंच राहिलं.

हे आपल्याला का कळायला हवं?

उच्च रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. जगात उच्च रक्तदाब असलेल्या जवळपास निम्म्या प्रौढांना तो आहे हेच माहीत नसतं. मग एक दिवस थेट पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येतो. बर्फाने रस्ता बंद झालेल्या गावात अशा वेळी दवाखाना गाठणं किती अवघड असेल, विचार करा. उंची कोणाला बदलता येत नाही. पण मीठ कमी करता येतं, दाब मोजता येतो, गोळ्या वेळेवर घेता येतात.

पालकांसाठी एक सूचना. सुट्टीत आजी-आजोबांना घेऊन लेहला जाणार असाल आणि त्यांना बीपीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्या.

वर्गासाठी उपक्रम : मिठाचा भागाकार

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट लहान चमच्याहून कमी मीठ खावं. मुलांना घरी विचारून यायला सांगा :

1. मिठाची 1 किलोची पिशवी किती दिवस पुरते?
2. घरात जेवणारी माणसं किती?
3. 1000 ÷ दिवस ÷ माणसं = प्रत्येकाचं रोजचं मीठ (ग्रॅम).

चार माणसांच्या घरात रोज 5 ग्रॅमने पिशवी 50 दिवस पुरायला हवी. तुमच्याकडे किती दिवसांत संपते? थोडं मीठ वाया जातं, म्हणून हा अंदाजच धरा. पण विकतचं लोणचं, पापड, फरसाण आणि वेफर्स यांतलं मीठ या हिशोबात आलेलंच नाही, हेही मुलांना सांगा.

चर्चेसाठी प्रश्न

- लडाखच्या चहासारखा, आपल्या ताटात नकळत मीठ वाढवणारा पदार्थ कोणता?
- तुमच्या घरातल्या मोठ्यांनी रक्तदाब शेवटचा कधी मोजला?

दुसरा प्रश्न मुलांना घरी नक्की विचारायला सांगा.