चिनी ठसा घेताय? आधी दगड ओळखा

काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा आणि खाली एखादा लाल शिक्का. असे चित्र ‘जुना चिनी ठसा’ (कोरीव दगडावरून कागदावर उतरवलेली प्रत) म्हणून विकायला आले, की पैसे काढण्याआधी चित्रात कोण आहे ते पाहा.

मारुती दिसला, टोकदार मुकुटांचे वीर दिसले, तर तो चीनचा नव्हेच. बँकॉकच्या वाट फो मंदिरात थाई रामायणाचे, म्हणजे रामकियेनचे, 152 संगमरवरी शिल्पपट आहेत. त्यांचे ठसे पर्यटकांनी वर्षानुवर्षे घरी नेले. आज विकले जातात ते बहुतेक साच्यावरून घेतलेले. परदेशी ऑनलाइन बाजारात यांचा भाव चौकटीविना साधारण 20 ते 75 डॉलर. दिसायला सुंदर असतात, हौसेने घ्या, पण याहून जास्त मोजू नका.

अस्सल चिनी ठसा आपले शिलालेख अभ्यासक घेतात तसाच घेतलेला असतो. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबायचा आणि वाळत आला की शाईची पुरचुंडी वरून टिपायची. म्हणून अक्षरे पांढरी आणि सुलटी येतात. खोलीतले दिवे मालवून कागदाच्या पाठीवर टॉर्च आडवा धरा: अक्षरे उठून आलेली दिसतात, बोटालाही लागतात. (मागे दुसरा कागद चिकटवला असेल तर हा उठाव दबतो.) छापील नक्कल दहापट भिंगाखाली बारीक ठिपके दाखवते.

खरी किंमत ठरते ती ठसा केव्हा घेतला यावर. दगड झिजतो, तडकतो, एकेक अक्षर गमावतो. चीनमधल्या शिआन शहराच्या शिलालेख संग्रहालयात इ. स. 185 मधला छाओ छुआनचा शिलालेख आहे. त्यातले अमुक अक्षर शाबूत असलेला ठसा आधीचा, तुटलेले असेल तर नंतरचा, असे जाणकार ताडून पाहतात. लाल शिक्क्यावर भिस्त ठेवू नका. तो कुणीही उठवू शकतो. जुन्या ठशाची किंमत किती चढते पाहा: सोंग राजवटीच्या काळातल्या ठशांच्या चार खंडांसाठी शांघाय संग्रहालयाने 2003 मध्ये 45 लाख डॉलर मोजले. त्याच शिआनमध्ये पर्यटकांसाठी काढलेला नवा ठसा मात्र स्मरणवस्तूच्या भावात मिळतो, आणि बहुतेकांच्या हाती येतो तो हाच.

चीनमधल्या दुकानदाराने ‘दोनशे वर्षांचा आहे, बॅगेत टाकून न्या’ म्हटले, तर हात आखडता घ्या. 1911 पूर्वीच्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास तिथे बंदी आहे. म्हणजे एक तर माल खोटा, नाही तर व्यवहार बेकायदा.

दगडाचे नाव, ठसा मूळ दगडाचा की साच्याचा, आणि अंदाजे काळ, एवढे पावतीवर लिहून मागा. विक्रेता लिहून देत नसेल, तर स्मरणवस्तूचाच भाव द्या.