कॅशचा मालक कोण?

सबमिशनच्या आदल्या रात्री विंगमध्ये कोणी ना कोणी ओरडतंच, "काऊन बे, परमिशन डिनाइड म्हणते हे!" मागच्या सेमिस्टरला तो ओरडणारा मीच होतो. प्रोजेक्टसाठी एनपीएम इन्स्टॉल मारलं, तर 'ईअ‍ॅक्सेस' एरर. वर सूचना, की कॅश फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइल्स आहेत. रूम पार्टनर म्हणाला, "सुडो लावून मार ना!" इथंच आपण फसतो.

एनपीएम उतरवलेली पॅकेजेस होम फोल्डरमधल्या 'डॉट एनपीएम' या फोल्डरमध्ये जपून ठेवतो, म्हणजे पुन्हा नेट खर्चायला नको. सुडो म्हणजे रूटच्या नावानं काम. उबंटू १९.१० च्या आधी सुडो लावलं तरी होम फोल्डर आपलंच राहायचं. म्हणजे कपाट आपलं, कुलूप रेक्टरचं! पुढच्या वेळी साध्या युजरनं लिहायला गेलो की दार बंद.

आता उपाय, क्रमानं.

१) एरर पूर्ण वाचा. त्यात फोल्डरचा पत्ता असतो. 'नो स्पेस लेफ्ट' असेल तर डिस्क भरली आहे, तो रोग वेगळा.

२) मालक शोधा. 'एलएस मायनस एल'च्या तिसऱ्या रकान्यात मालकाचं नाव दिसतं. आतल्या रूटच्या फाइल्स 'फाइंड'ला 'मायनस युजर रूट' लावून सापडतात. प्रोजेक्टमधलं नोड मॉड्यूल्सचं फोल्डरही तपासा.

३) स्वतःचं मशीन असेल तर 'सुडो सीएच-ओन मायनस कॅपिटल आर' वापरून तेवढ्याच फोल्डरची मालकी आपल्या नावावर करा.

४) लॅबमध्ये सुडो नाही? मग 'एमव्ही'नं डॉट एनपीएमचं नाव बदला, जागेवरच. नाव बदलायचा हक्क वरच्या फोल्डरवरून ठरतो आणि होम तर तुमचंच आहे. एनपीएम नवी कॅश तयार करतो. कॅश म्हणजे नुसत्या प्रती, त्यामुळे प्रोजेक्टचं काही जात नाही. फक्त एकदा पुन्हा डाउनलोड.

दोन गोष्टी मात्र करू नका. 'सीएच-मॉड ७७७' मारलं की लॅबच्या मशीनवर कोणीही तुमच्या फाइल्समध्ये हात घालू शकतो. आणि सीएच-ओन मूळ स्लॅशवर चालवू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये खुद्द एनपीएम ५.७.० मध्ये असा बग आला होता. सुडोसोबत चालवलं की सिस्टीमच्या फोल्डरांची मालकीच बदलायची आणि मशीन निकामी व्हायची. लगेच ५.७.१ काढावं लागलं.

माझं काम चौथ्या उपायानं पाच मिनिटांत झालं, पण त्याआधी सुडो मारण्यात तीन तास गेले होते. प्रत्येक सुडोनं रूटच्या फाइल्स वाढतच होत्या. म्हणून सांगतो, एरर आली की आधी सुडो नाही, आधी मालक विचारा.